खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये शेवाळ? आधी तुमची बादली दाखवा!

राम राम मंडळी. भुसावळहून बोलतेय. मागे कूलरचा आवाज येतोय, पण तो बंद होणार नाही. बाहेर ४४ आहे.

मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स एकाच विषयाच्या. एका दादांनी आपल्या अहिराणीत लिहिलंय, "ताई, मन्हा टँकमा शेवाळ व्हई गयं, काय करू?" सोबत फोटो आहे. फोटोत मासा शोधावा लागतो.

सोप्या गोष्टी आधी पटापट उरकते. नवीन टँकच्या पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी धूळ बसते, ते डायटम, डोळ्यांना सुटं न दिसणारं बारीक शेवाळ. जवळजवळ सगळ्यांना येतात, बहुतेक वेळा आपोआप जातात. मग काचेवर हिरवा थर, मग दगडावर केसांसारखं लांब शेवाळ. लाल, चिकट साय दिसली तर ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया. पाण्याचा झोत कुठल्या कोपऱ्यात पोचत नाही ते बघा. लाइट सुरुवातीला ६-७ तास पुरे. खाणं चिमूटभर. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्याशिवाय मासा आणायचा नाही. झालं.

हां, एक राहिलं. दगडावर गुलाबी-जांभळे टणक डाग आले तर घासू नका! ते कोरलाइन, आपल्याला हवं असलेलं शेवाळ. एका ताईंनी दोन दिवस तारेच्या ब्रशने घासून दगड पांढरेशुभ्र केले आणि मला कौतुकाने फोटो पाठवला. मी नुसता नमस्काराचा इमोजी टाकला.

आता मुद्द्याचं. टँकमधलं पाणी उडतं, तेव्हा वरून कुठलं पाणी टाकता?

हे विचारलं की उत्तर येतं, "साधंच, ताई." साधं म्हणजे? नळाचं? बोअरचं? घरच्या आरओचं? सगळं शेवाळ या एका शब्दात लपलेलं असतं.

(कूलरचं गवत कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. गेल्या उन्हाळ्याचं कूलरचं गवत. नवीन होतं तेव्हा पिवळंधमक होतं, आता हाताला कसं लागतंय, ऐका. कडकड. हा पांढरा थर म्हणजे क्षार. पाणी हवेत उडालं, त्यातलं बाकी सगळं इथे बसलं. तुमचा टँक हेच करतो, फक्त तिथे ते पांढरं दिसत नाही, काही दिवसांनी हिरवं दिसतं. मीठ उडत नाही, म्हणून वरून गोडं पाणी टाकायचं, खारं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मीठ उडत नाही तसं शेवाळाचं खत असलेलं नायट्रेटही उडत नाही, फॉस्फेटही नाही, डायटमना लागणारं सिलिकेटही नाही.

आणि आपल्याकडे पाणी उडतं किती! मुंबईच्या चॅनलवाल्यांचं ऐकून चालत नाही, त्यांच्याकडे हवा दमट. आपली हवा कोरडी, त्यात पाणी २६-२७ डिग्रीच्या आसपास ठेवायला आपण वरून पंखा लावतो. पंखा थंड करतो तोच मुळी पाणी उडवून.

हिशेब करा. १०० लिटरचा टँक, मे महिन्यात रोज २ लिटर पाणी कमी होतंय. ५० दिवसांत तुम्ही १०० लिटर ओतलं, म्हणजे अख्खा टँक. वरच्या पाण्यात लिटरला २५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर तुमच्या टँकमध्ये तेवढंच चढलं, माशाला एक दाणा न घालता. कोरल ठेवायचे तर मी १० च्या खाली ठेवते. आणि पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, नायट्रेट ४५ पर्यंत चालवून घेतं. म्हणजे पाणी तुम्हाला प्यायला चांगलं असेल, टँकला ते खत आहे.

हा २५ चा आकडा मी हवेतून काढलेला नाही. माझा पहिला टँक फेब्रुवारीत लावला, मे महिन्यात दगड दिसेनासे झाले. आमचे हे म्हणाले, "शेपू लावलीस का?" रोज टूथब्रशने घासायचं, दुसऱ्या दिवशी परत. दुकानातून शेवाळ मारायची बाटली आणली, तिसऱ्या दिवशी गोगलगायी उताण्या. टँकच्या टेस्ट तर किती केल्या! बादलीची एकदाही नाही. कॉलनीची बोअर, पलीकडे केळीचे बाग, बागेला वर्षभर खत. एक दिवस बादलीतलं पाणी नायट्रेटच्या टेस्ट ट्यूबमध्ये घेतलं आणि गुलाबी रंग चढताना बघत बसले.

"पण ताई, आमच्याकडे आरओ आहे." असेल. पण बऱ्याच घरच्या आरओत चव यावी म्हणून मेम्ब्रेनच्या, म्हणजे आतल्या बारीक गाळणीच्या, शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार), छोटा स्क्रू असतो. सर्व्हिसवाला तो फिरवून जातो आणि सांगतो, "१२० ठेवलंय, मस्त गोड लागेल." माशाला गोड नको आहे! वर मिनरलचं कार्ट्रिज. ते पाणी टँकमध्ये टाकणं म्हणजे बोअरचं पाणी हप्त्याने टाकणं.

मग करायचं काय? मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीवर, कंट्रोलरच्या आधी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, काढून घ्या. तिथून पाणी डीआय रेझिनच्या, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, कार्ट्रिजमधून न्या. टीडीएस मोजायचं पेन शून्य दाखवेल. पेन १-२ दाखवायला लागलं की रेझिन बदला, कारण रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी सुटतं. वर्षाच्या टँकमध्ये अचानक तपकिरी धूळ परत दिसली, तर आधी रेझिन बघा. आणि ते पेन टँकमध्ये बुडवू नका हो! एकांनी बुडवलं, रीडिंग येईना, रात्री साडेअकराला मेसेज. खाऱ्या पाण्यासाठी ते नाहीच.

बॅटरीचं पाणी चालेल का? पेनवर शून्य आलं तर चालेल. मी दोन कॅन आणले, एक शून्य, दुसरा ३८. एसीचं पाणी? पेनवर छान दिसेल, पण ते तांब्याच्या कॉइलवरून येऊ शकतं आणि तांबं म्हणजे गोगलगायी-खेकड्यांना विष. सुरतजवळच्या डुमसहून समुद्राचंच पाणी आणू का? दादा, तिथे आपली तापी समुद्राला मिळते. सगळ्या खानदेशाचं वाहून गेलेलं खत तुम्ही कॅनमध्ये भरून परत आणणार.

आता जे वाढलंय ते. हाताने उपटा, जमलं तर दगड बादलीत घेऊन उपटा, आणि टँकबाहेर फेका. तीन दिवस अंधार करून मारलं तर ते तिथेच कुजतं आणि त्यातलं खत पाण्यात परत. लांब केस उपटून झाले की मग गोगलगायी, एकदम वीस नाही, चार-पाच. आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही पार शून्यावर नेण्याच्या नादी लागू नका. तिथे डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव, येतात, चिकट, बुडबुडेवाले. त्यांच्यापुढे हे हिरवं परवडलं.

काचेवर पाण्याच्या पातळीला ही अशी चिकटपट्टी लावा. रोज तेवढंच भरायचं, आठवड्याचं एकदम नाही. आणि ज्यांना कमेंटमध्ये फोटो टाकायचाय त्यांनी शेवाळाचा टाकू नका, खूप बघितलं. बादलीत पेन बुडवून रीडिंगचा टाका. आकडा १० च्या वर दिसला तर मी दुसरं काही विचारणारच नाहीये.