सैल पातं

चेतक म्हटलं की पुणेकरांना आकुर्डीची स्कूटर आठवते. मी ज्या चेतकवर काम केलं त्याला तीन पाती होती. फ्रेंच अल्युएत-३ हे हेलिकॉप्टर हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं इकडे बांधलं, त्याचं हे आपलं नाव. पहिल्याच दिवशी मी उभ्या मशीनचं पातं टोकाला धरून उचललं, तर ते चक्क वर आलं. सोडलं, खाली गेलं. घाबरून वरिष्ठांना म्हणालो, "सर, हे सैल झालंय." ते म्हणाले, "सैलच असतं ते. घट्ट वाटलं तर मला बोलव."

आता जरा वर बघा. हा सभागृहातला पंखा जागच्या जागी फिरतो, त्यामुळे तिन्ही पात्यांना वारा सारखाच. हाच पंखा बसच्या टपावर लावा आणि बस सोलापूर रस्त्यानं पिटाळा. एका बाजूचं पातं बसबरोबर पुढे धावतंय, दुसऱ्या बाजूचं मागे. चेतकच्या रोटरचा, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चक्राचा, व्यास ११ मीटर, मिनिटाला फेरे साधारण ३५०. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला २०० मीटर. हेलिकॉप्टर ताशी १८० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला ५० मीटरनं, निघालं की पुढे जाणाऱ्या टोकाला २५०चा वारा लागतो, मागे येणाऱ्याला १५०चा. उचल, म्हणजे पात्याला वर ढकलणारा हवेचा जोर, वेगाच्या वर्गानं वाढते, तेव्हा पात्याचा हवेशी होणारा कोन तोच ठेवला तर टोकापाशी फरक पावणेतीन पट! मशीन सरळ कुशीवर पडेल.

ह्वान दे ला सिएर्वा या स्पॅनिश इंजिनिअरची सुरुवातीची यंत्रं अशीच आडवी झाली. गंमत म्हणजे त्याचं छोटं मॉडेल छान उडत होतं, कारण त्यातली पाती वेताची, लवणारी. मोठ्या यंत्रात ती ताठ होती. मग त्यानं पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं आणि जानेवारी १९२३मध्ये त्याचा ऑटोजायरो, म्हणजे वाऱ्यानंच फिरणाऱ्या रोटरवर उडणारं यंत्र, नीट उडाला.

बिजागरी करते काय? जास्त उचल मिळालेलं पातं वर जायला लागतं. वर जाताना त्याला वरून वारा लागतो, हवेशी होणारा कोन कमी होतो आणि उचल आपोआप उतरते. पलीकडचं पातं खाली जातं, त्याचा कोन वाढतो. मग ते दारासारखं उघडून उभंच का राहत नाही? गोफण आठवा. टोकाशी एक किलोचा तुकडा असेल, तर फिरताना तो साडेसातशे किलोच्या जोरानं बाहेर ओढतो.

इथे एक चकवा आहे. चेतकचा रोटर वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणजे पुढे जाणारं पातं डावीकडे. जास्तीची उचल डावीकडे, पण पातं सर्वांत उंच होतं ते नाकासमोर, पाव फेरा उशिरा. झोपाळ्याचंच बघा ना. वेग सर्वांत जास्त असतो तो तळाशी, आणि झोपाळा टोकाला पोचतो त्यानंतर पाव हेलकाव्यानं. त्यामुळे वेग वाढला की रोटरची तबकडी मागे कलते आणि पायलटला दांडा पुढे रेटावा लागतो.

पातं वर गेलं की त्याचं वजन मध्याच्या जवळ येतं. फुगडीत हात आखडले की गरका वाढतो, तसं ते पुढे पळू बघतं. त्यासाठी आणखी एक बिजागरी, आडव्या हालचालीची, आणि तिला आवर घालायला डॅम्पर, म्हणजे हेलकावे शोषून घेणारा भाग.

हे सगळं असूनही हेलिकॉप्टरच्या वेगाला मर्यादा आहेच. मागे येणाऱ्या पात्याचा कोन वाढवत न्यायचा तरी किती? एका हद्दीनंतर हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल कोसळते. शिवाय आपल्या उदाहरणात त्या बाजूला मुळाकडच्या सव्वा मीटरभर भागात वारा चक्क उलटाच लागतो, मागच्या कडेकडून.

मघाशी कोणीतरी विचारलं, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्याच ध्रुव हेलिकॉप्टरच्या रोटरला बिजागऱ्या दिसत नाहीत, त्या कुठे गेल्या? वर-खाली आणि पुढे-मागे हलण्याच्या बिजागऱ्या त्याला नाहीतच. कंपोझिटचं, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून केलेलं, पातं मुळाशीच लवतं, त्या वेतासारखं.