सुपाशेजारची श्रोती

सोलापूरच्या पूर्व भागातील एका घराच्या ओसरीवर ऊन पोहोचण्यापूर्वीच काम सुरू झालेले असते. रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पाने आता मऊ पडली आहेत. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून आत्या कात्रीने कडा कापतात, चिमूटभर तंबाखू पसरतात, बोटांच्या एका वळशात पान गुंडाळतात, दोरा बांधतात आणि रुंद तोंड आत दुमडून विडी सुपात टाकतात. हे सगळे होत असताना त्यांची नजर मात्र हातांकडे नसते, ती समोर वही घेऊन बसलेल्या भाचीकडे असते.

भाची कथालेखिका आहे. घरात तेलुगू बोलली जाते, कथा मराठीत लिहिल्या जातात आणि त्यांची पहिली श्रोती आहे ती अक्षरओळख नसलेली आत्या. दोघींच्या इच्छेनुसार त्यांची नावे येथे घेतलेली नाहीत.

शाळेच्या निबंधापासून सुरू झालेला हा शिरस्ता आजही मोडलेला नाही. पंचवीस विड्यांची जुडी पुरी होईपर्यंत भाचीने वाचायचे आणि जुडीला दोरा पडला की थांबायचे. मग आत्या विचारतात, "पुढं काय झालं गं?" कधी तो प्रश्न येत नाही, त्या निमूटपणे पुढची पाने ओढतात, आणि मग तो उतारा पुन्हा लिहावा लागतो. भाची म्हणते की मजकूर रंगला की आत्यांचा हात मंदावतो. आत्यांना हे मुळीच मान्य नाही, कारण मजुरी विड्यांच्या संख्येवर मिळते आणि हात मंदावणे त्यांना कधीच परवडलेले नाही.

आत्यांची स्वतःची कथांची शिदोरी मोठी आहे. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींची रथयात्रा निघते. तेलंगणातून येऊन या शहरात माग लावणाऱ्या पद्मशाली समाजाचा हा सर्वांत मोठा उत्सव. कमळाच्या देठातील तंतू काढून देवांसाठी पहिले वस्त्र विणणाऱ्या भावनाऋषींची कथा भाचीने प्रथम ऐकली ती अशाच गर्दीत, आत्यांचे बोट धरून. ऋषींनी ताणा कसा लावला, बाणा कसा भरला, तुटलेला तंतू कसा सांधला, हे आत्या मागावर बसल्याप्रमाणे तपशिलाने सांगतात. देवांनी ते वस्त्र नेसले की नाही, याची त्यांना फारशी फिकीर नसते.

दुसरी कथा त्यांच्या वडिलांकडून आलेली. १८७७ साली सोलापुरात उभी राहिलेली कापड गिरणी लोकांच्या तोंडी 'जुनी गिरणी' झाली आणि पुढे या शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर चालू लागला. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला आणि १२ मेपासून मार्शल लॉ लागू झाला. याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली. आज या चौघांच्या पुतळ्यांपाशी वाहने क्षणभर रेंगाळतात ती सिग्नलसाठी. हे बोलून दाखवणे कदाचित अप्रस्तुत असेल, पण दृश्य तसेच आहे.

आत्यांच्या कथनात ही नावे येतात, परंतु त्या रेंगाळतात दुसरीकडेच. रस्त्यावर सैनिक असताना घरात पाणी कोणी आणले, माग बंद पडल्यावर उसने पीठ कोणी दिले, पांढरी गांधी टोपी कोणत्या डब्यात दडवली, याच गोष्टी त्या प्रत्येक वेळी नव्याने सांगतात, आणि त्या टोपीचा डबा दर वेळी बदलतो. त्यातला खरा डबा कोणता, हे भाचीने आजवर विचारलेले नाही. आमच्या मते यंत्रमागाच्या आणि विडीच्या या घरांमधील अशी कथने आजच ध्वनिमुद्रित व्हायला हवीत. गिरण्यांच्या कागदपत्रांत उसन्या पिठाची नोंद सापडणार नाही.

भाचीच्या कथांची पाकिटे मासिकांकडून साभार परत येत. पाकीट आले की आत्या सांत्वन करीत नसत. त्या पाकिटाची कोरी बाजू हिशेबाला घेत आणि संध्याकाळी एखादी नवी गोष्ट सुरू करून ती ऐन रंगात आली की थांबत. पुढचे ऐकायचे असेल, तर आधी इथवरचे लिहून आण, अशी त्यांची अट असे. नोकरी, संसार आणि नकार यांच्या धबडग्यात लिहिणे सुटले नाही, याचे श्रेय भाची याच अटीला देते. पुढे तिचे दोन कथासंग्रह प्रसिद्ध झाले. तंबाखूच्या धुळीमुळे जडलेल्या खोकल्यावर आत्यांचे औषधपाणी सुरू आहे.

सध्या भाची मार्शल लॉच्या दिवसांवर कादंबरी लिहीत आहे. पहिले प्रकरण वाचून झाले तेव्हा तिसऱ्या जुडीला दोरा पडला होता. आत्यांनी एकच हरकत घेतली: एवढी माणसे घरात कोंडलेली दाखवलीस, मग त्यांच्या मागावर अर्धे विणलेले लुगडे कोणाचे होते, ते कुठेच आलेले नाही.