स्क्रीनिंग आहे म्हणे, पण कसलं?

नमस्कार मंडळी! नाशिकमध्ये कुणी म्हणालं की उद्या स्क्रीनिंग आहे, तर आधी विचारावं लागतं, कसलं बाबा? कॉलेजच्या पोरांना पिक्चरचं वाटतं, अंबडच्या कंपनीतला एचआर बायोडेटाचं म्हणेल आणि पेठ-सुरगाण्याकडची आशाताई म्हणेल, रक्ताचं.

पिक्चरवर तर आपला हक्कच आहे, दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे ना! ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशन थिएटरला 'राजा हरिश्चंद्र' लागला, तिथे स्क्रीनिंग म्हणजे सगळ्यांना दाखवणं. बायोडेटाचं एकदम उलटं, तिथे गाळायचंच काम, ते असो.

मला बोलायचंय ते रक्ताच्या स्क्रीनिंगवर, कारण घोळ तिथे होतो. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेलचं, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, अभियान सुरू आहे, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं ठरलंय, त्यात आपल्याकडचे आदिवासी तालुके आलेच. पहिली टेस्ट एकदम साधी, सोल्युबिलिटी म्हणतात. बोटाला सुई टोचून थोडंसं रक्त घेतात, नळीतल्या औषधात टाकतात, थोडं थांबतात आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर पॉझिटिव्ह.

आणि पॉझिटिव्ह ऐकलं की घरात रडारड! अहो थांबा की जरा, वाळूची चाळण असते ना, तिच्यावर राहिलं ते सगळंच टाकाऊ नसतं, परत हाताने बघावं लागतं. ही टेस्ट नुसतं एवढंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, तुम्ही वाहक (म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आलेला) आहात का रुग्ण (दोघांकडून आलेला) हे तिला कळतच नाही, त्यासाठी लॅबमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी नावाची टेस्ट करावी लागते. वाहक माणसाला सहसा काही त्रास नसतो, शेतात राबतो, सगळं करतो. फक्त नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर हा रिपोर्टपण मागा, मी तर म्हणेन पत्रिकेच्या आधी मागा.

आणि हो, सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर या नळीतल्या निगेटिव्हवर विसंबू नका, त्याच्या अंगात अजून आईच्या पोटात असतानाचंच हिमोग्लोबिन जास्त असतं, त्याची पुढची टेस्ट कुठे नि कधी करायची ते आशाताईंना तिथेच विचारून घ्या.