रात्री खाजणारी मुले

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यात मे महिन्याचा उकाडा वाढला की दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या मानेवर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ उठते आणि घरोघरी पावडरीचे डबे निघतात. हे बहुधा घामोळे असते. पातळ सुती कपडे, साध्या पाण्याची आंघोळ आणि मोकळी हवा मिळाली की ते ओसरते. पावडर मात्र नको, कारण ती मुलाच्या श्वासातून आत जाते.

आज बोलायचे आहे ते रात्री झोपू न देणाऱ्या खाजेविषयी. दिवसभर हुंदडणारे मूल अंथरुणात शिरताच कराकरा खाजवू लागले, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती आणि तळहात-तळपायांवरही पुटकुळ्या दिसल्या, आणि शेजारी झोपणारी आजीसुद्धा हल्ली खाजवते असे चौकशीत निघाले, तर ती खरूज असण्याचा संभव मोठा. ‘आमच्याकडे रोज दोनदा आंघोळ असते हो,’ असे दांडिया बाजारातल्या आज्या जरा दुखावूनच सांगतात, आणि ते खरेही असते. पण अर्ध्या मिलिमीटरहून लहान असलेला हा किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो आणि मुलाला कुशीत घेऊन झोपणाऱ्या माणसाच्या अंगावर सहज जातो; त्याला आंघोळीशी काही देणेघेणे नाही.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दबते, किडा मात्र तसाच राहतो आणि रोग ओळखणे अवघड होऊन बसते. डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचे मलम देतात. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून ज्यांना अजून काहीच होत नाही त्यांच्यासकट सगळ्या घराने ते एकाच रात्री लावायचे असते. मोठ्यांनी मानेपासून तळव्यांपर्यंत लावावे. लहान मुलांना डोळे आणि तोंड टाळून डोक्याला व चेहऱ्यालाही लावावे लागते. आठ ते चौदा तासांनी धुऊन टाकावे आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. अगदी तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्याबाबत डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

त्याच दिवशी कपडे आणि चादरी कडक गरम पाण्यात धुवाव्यात. गोधडी धुणे जमत नसेल, तर ती पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी.

पुटकुळ्यांत पू झाला किंवा ताप आला, तर मुलाला त्याच दिवशी दाखवावे. एरवी, औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, तेवढ्यावरून मलमाचा मारा करू नये. त्यानंतरही नव्या पुटकुळ्या येत राहिल्या, तर मात्र मूल पुन्हा तपासून घ्यावे.