पगारावर नाव कसं घालणार?

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'व्यसनमुक्तीसाठी दान : कुठे आणि कसं'. त्यावर येतोच. पण आधी पंख्यांबद्दल बोलू द्या.

मी एका व्यसनमुक्ती केंद्राचा विश्वस्त होतो. नाव विचारू नका. एका वर्षी तिथे इतके पंखे देणगीत आले, की सगळे लावले असते तर पेशंट उडून गेले असते. हसताय, पण दाते याच सभागृहात असतील! प्रत्येक पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. आता पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही. म्हणून एका दात्यांनी निरोप धाडला, 'आम्ही पाहुण्यांना घेऊन येतोय, तेवढा वेळ पंखा बंद ठेवा.' मे महिना होता. ठेवला. वीस पेशंट घाम पुसत बसले आणि पाहुण्यांनी नाव वाचलं.

चहा घेताना मी त्यांना म्हटलं, आमच्या समुपदेशकाचा वर्षाचा पगार द्याल का? स्वतः दारूतून बाहेर आलेला माणूस, पेशंटची प्रत्येक थाप त्याला आधीच पाठ. ते म्हणाले, 'पगारावर नाव कसं घालणार?' मला काही उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.

पुण्यात वेगळंही घडलंय, तुम्हाला ठाऊकच आहे. अनिल अवचटांचे गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेली संघटना, ती तर बाहेरच्यांचा पैसा घेतच नाही! १९४० मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर या बड्या धनिकांनी त्यांच्यासाठी मेजवानी दिली. वडील आजारी, म्हणून मुलगा नेल्सन यजमान. धनाढ्य पाहुणे जेवले, आणि त्यानं सांगितलं की या कामाला पैशाची फारशी गरज नाही. पाहुणे खिशाला हात न लावता घरी गेले. आपल्याकडे अशी मेजवानी कोणी... बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

तर मुद्दा. दारू केंद्रात सुटते, खरी परीक्षा घरी गेल्यावर. गुत्ता तिथेच, मित्र तेच, उधारीही तीच. म्हणून पैसा तिथे द्या : पाठपुराव्याला गावाहून येणाऱ्याचं एसटीचं भाडं, घरभेटी, बायकांचे गट, समुपदेशकाचा पगार. सुरुवातीच्या दिवसांत पेशंटच्या हातात रोकड देऊ नका, तिकीट काढून द्या. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या, म्हणजे केंद्राला माणूस नेमता येतो.

आणि तो पुन्हा प्यायला, तर 'आमचे पैसे बुडाले' म्हणू नका. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण इन्सुलिनची देणगी थांबवतो का? पेशंटला केंद्रात परत घेण्याचाही खर्च असतो, तो कोणी देत नाही.

पावतीपुस्तक बाहेर टेबलावर आहे. दोन हजारांच्या वर रोख नको, देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही. चेक द्या.