दारात कोण, फोनवर कोण

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की आपण अंथरुणातूनच सांगतो, पाव आले. मासे विकणारी नुस्तेकान्न दारात आली की तिच्या हाकेवरूनच कळतं, आज बांगडे आहेत की तारले. माणूस दिसायच्या आधी ओळखायची ही सवय गोव्यातल्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे दाराला कडी घालायची ती रात्री. दिवसा दार उघडंच.

डिचोलीजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचं दारही तसंच. गणेश चवथीला पंधरा दिवस होते. दोन तरुण आले, इस्त्रीचे शर्ट, खांद्याला बॅग. "मावशी, पितळेची समई असेल तर द्या, पावडरीची जाहिरात आहे, पैसे नकोत." मावशीने त्यांना पडवीतल्या सोप्यावर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. समई खरंच लखलखीत झाली. मग चांदीचं निरांजन. मग एकाचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. "बांगड्या किती काळवंडल्यात हो!"

त्यांनी चार बांगड्या वाटीतल्या पाण्यासारख्या द्रवात बुडवल्या, ब्रशने घासल्या, मग हळदीच्या पाण्यात घालून स्टीलच्या डब्यात ठेवल्या. "अर्धा तास झाकण उघडू नका, चकाकी जाईल." मावशीने घड्याळ लावून अर्धा तास वाट पाहिली. बांगड्या डब्यातच होत्या. पण सोनाराने काट्यावर ठेवल्या तेव्हा आठ ग्रॅम कमी भरल्या. वाटीतला तो द्रव म्हणजे आम्लराज, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण. सोनं त्यात विरघळतं आणि नंतर ते पुन्हा वेगळं काढता येतं. म्हणजे मावशीचं सोनं तिच्या डोळ्यांदेखत वाटीतून गेलं. हळद आणि डबा कशासाठी? पळायला अर्धा तास मिळावा म्हणून.

मावशी भोळी नाही हो. माडांच्या भाटातल्या नारळांचा हिशोब तिच्या तोंडावर असतो. ती फसली ते आल्यागेल्याला बसा म्हणायच्या आपल्या रीतीमुळे. एकदा सरबत दिलेल्या माणसाला 'आता उठा' कसं म्हणायचं? आणि फसल्यावर पोलिसांत जायला तिने आठ दिवस लावले, कारण वाड्यावर बभ्रा होईल. चोराला ते आठ दिवस फुकटात मिळाले.

फोनवरचा ठग त्याच जातीचा, फक्त त्याला बॅग लागत नाही. मी बँकेत काउंटरवर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या महिन्यांत एक वयस्क गृहस्थ आले, नेहमीचे. मुदत ठेव मोडायची म्हणाले. मी म्हटलं, "काका, चार महिने राहिलेत, व्याज जाईल." ते काहीच बोलेनात. सारखा शर्टाचा खिसा चाचपत होते. मग त्यांनी पैसे काढायच्या स्लिपच्या मागे थरथरत लिहिलं, 'फोन चालू आहे. सीबीआय.' मी त्याच कागदावर लिहिलं, 'बंद करा. काही होत नाही.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन काढून माझ्याच हातात दिला. बंद मी केला. दोन दिवस ते घरात मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून होते, बायकोलाही सांगितलं नव्हतं.

असं फोनवरूनच माणसाला घरात अडकवून ठेवायचं, याला हे ठग डिजिटल अरेस्ट म्हणतात. अशी गोष्ट आपल्या कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून हेच सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि चौकशीसाठी पैसे 'सुरक्षित खात्यात' मागत नाहीत. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडू' असा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका, जुन्या बिलावरच्या नंबरवर करा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही. लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर उघडू नका, पत्रिका कुठल्याही नात्यातली असो.

पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा. लगेच, रडून झाल्यावर नव्हे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतो, तो वाटेत गोठवता येतो तेवढ्याच वेळात. बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असला तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. काउंटरवर बसून मी पाहिलंय, लाजेपोटी लोक नेमका हाच वेळ घालवतात.

नुसत्या त्रासाच्या कॉलसाठी, कर्ज घ्या, प्लॉट घ्या वगैरे, १९०९ वर फोन करून आपला नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे कॉल नको असलेल्यांच्या यादीत, नोंदवा. जाहिरातीचे अधिकृत कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येतात. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी 'बँकेतून बोलतोय' म्हणाला तर मी ठेवून देते. निरोपही घेत नाही. सुरुवातीला जड गेलं, आता मजा येते.

मावशीने पडवीला लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं. परवा मी तिच्याकडे होते. गॅसची शेगडी तपासायला म्हणून एकजण आला, गळ्यात ओळखपत्र. मावशीने जाळीतूनच ते वाचलं, मग गॅसच्या पुस्तकावरचा नंबर शोधून एजन्सीला फोन लावला. आमच्याकडून कोणी पाठवलेलं नाही, असं उत्तर आलं. ती तसं त्याला म्हणाली. तो म्हणाला, "ऊन फार आहे, पाणी तरी द्या." मावशी आत गेली, तांब्या घेऊन आली, आणि जाळीतून पेला बाहेर दिला.