सावली ओळखणारा शिंपला

नमस्कार श्रोतेहो. आपल्या भीमेतल्या शिंपल्याला डोळे नाहीत. तरी उजेड गेलेला त्याला कळतो. पुन्हा सांगतो, डोळे नाहीत, तरी कळतो.

उन्हाळ्यात पंढरपूरच्या वरच्या अंगाला नदी गुडघाभर उतरली, की तळ नितळ दिसतो. लहानपणी शेजारचे कोळीमामा मला तिथं घेऊन गेले. म्हणाले, "हलू नगंस. वाळूत बघ." वाळूतून शिंपल्याची कड जराशी वर आलेली. फट किलकिली. आत दोन तोंडं, एकाच्या काठाला बारीक केसाळ झालर, आणि पाणी आत ओढणं चाललेलं. "आता वरनं हात फिरव. पान्याला शिवायचं न्हाई." मी हात नेला. सावली पडली मात्र, झालर आत, फट बंद! पाणी हललं नव्हतं, वाळू हलली नव्हती. मामा म्हणाले, "त्याला वाटलं बगळा आला." थोड्या वेळानं फट उघडली. पुन्हा सावली, पुन्हा बंद. मी सारखी सावली पाडत राहिलो, तसा तो दाद देईनासा झाला!

हे शिंपले वाळूतच जगतात आणि पाणी गाळतात. भीमेचा तळ खरवडून वाळू नेणं थांबलंच पाहिजे, हे मी संधी मिळेल तिथं सांगणार.

तर, सावली कळली कशानं? याच्या समुद्रातल्या एका भाऊबंदावर, स्पिसुला नावाच्या शिंपल्यावर, अमेरिकेतल्या डोनाल्ड केनेडी यांनी १९६० साली संशोधन प्रसिद्ध केलं. त्याच्या अंगावरच्या मांसल आवरणाकडे जाणाऱ्या मज्जातंतूतच प्रकाश ओळखणारी पेशी निघाली. उजेड असेतो ती दबून राहते. उजेड गेला, की तिच्यातून संदेश सुटू लागतात आणि शिंपला अंग आत ओढतो. लक्षात घ्या, ती उजेड आल्यावर नाही, गेल्यावर बोलते.

आपल्या कोकणच्या खडकांवर ओंकिडियम नावाची, शंख नसलेली गोगलगाय असते. तिला डोळे आहेत, पाठीवरसुद्धा आहेत. तरीही तिच्या शरीराच्या आत, मज्जापेशींच्या गाठीत, थेट प्रकाश ओळखणाऱ्या पेशी जपानी संशोधकांना सापडल्या. त्यातल्या काही उजेड पडताच चेततात, काही उलट शांत होतात.